स्पेंटवॉशमधून हायड्रोजन करण्याआधी साखर कुठे आहे ते पाहा

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट असलेल्या गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांची डिस्टिलरी मळीवर चालते, दिवसाला ३० हजार लिटर अल्कोहोल निघतं, त्यामागे ३०० ते ३५० घनमीटर स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून घेतल्यावर उरणारं काळपट सांडपाणी. तो डायजेस्टरमध्ये, म्हणजे जीवाणू काम करतात त्या हवाबंद टाकीत जातो, बायोगॅस होतो आणि गॅस बॉयलरला जळतो. आता एक विक्रेता म्हणतो की त्याच डायजेस्टरमध्ये त्याची जीवाणूंच्या कल्चरची पावडर टाकली की मिथेनऐवजी हायड्रोजन येईल. हे खरं आहे का? शिवाय त्यांची मुलगी एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीला आहे. तिला याच विषयावर प्रकल्प करायचा आहे, तर सुरुवात कुठून करावी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. पावडर घेऊ नका. दुसऱ्यासाठी मात्र मी मनापासून मदत करीन, कारण या विषयात मी वीसेक वर्षं घालवली आहेत आणि तो आजही मला तितकाच ओढून घेतो.

आधी जीवाणू हायड्रोजन का तयार करतो ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. क्लॉस्ट्रिडियमसारखा जीवाणू हवेशिवाय जगतो. साखर फोडून तो ऊर्जा मिळवतो, पण साखर फोडताना इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते कुणाला तरी द्यावे लागतात. आपण ते श्वासातल्या ऑक्सिजनला देतो. त्याच्याकडे ऑक्सिजन नाही, म्हणून हायड्रोजनेज नावाच्या विकराच्या मदतीने तो ते पाण्यातल्या प्रोटॉनवर टाकतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. म्हणजे हायड्रोजन ही त्याची इलेक्ट्रॉनची अडचण सोडवण्याची वाट आहे. दुसरी सोयीची वाट सापडली, तर तो लगेच ती धरतो. लॅक्टिक आम्ल, प्रोपिऑनिक आम्ल, इथेनॉल, ब्युटेनॉल या सगळ्या अशाच वाटा. आमच्या कामाचा निम्मा भाग म्हणजे या इतर वाटा बंद ठेवणं.

ग्लुकोजच्या एका रेणूत जो हायड्रोजन आहे आणि पाण्यातून जो येऊ शकतो, तो सगळा मिळवला तर १२ रेणू हायड्रोजन व्हायला हवेत. जीवाणू मात्र अंधारात, नुसत्या आंबवण्यातून, जास्तीत जास्त ४ देतो, तेही सगळं ॲसिटिक आम्ल झालं तर. ब्युटिरिक आम्लाच्या वाटेने गेला तर २. प्रत्यक्ष टाकीत या दोन्ही वाटा एकत्र चालतात, शिवाय थोडी गळती असते, म्हणून १ ते २ हा आकडा रोजच्या व्यवहाराचा. उरलेलं सगळं आम्लांच्या रूपाने द्रवात शिल्लक राहतं. जीवाणू कितीही सुधारला तरी ही मर्यादा हलत नाही, कारण ॲसिटिक आम्लातून हायड्रोजन काढायला बाहेरून ऊर्जा घालावी लागते, प्रकाशाची किंवा विजेची.

आता हेच ऊर्जेच्या भाषेत मांडतो, कारण कारखान्यात शेवटी बॉयलरची वाफच मोजली जाते. ग्लुकोज जाळल्यावर जितकी उष्णता मिळते, त्यातली चार रेणू हायड्रोजनमध्ये साधारण ४१ टक्के उतरते आणि दोन रेणूंमध्ये २० टक्के. त्याच ग्लुकोजचं पूर्ण मिथेन केलं तर तीन रेणू मिथेन होतो आणि त्यात ९५ टक्के उष्णता टिकते. म्हणजे चालू बायोगॅस बंद करून नुसता हायड्रोजन करायचा म्हटलं, तर हातातली बहुतेक ऊर्जा आम्लाच्या पाण्यात सोडून द्यायची, आणि वर ते आम्लाचं पाणी शुद्ध करण्याचा खर्चही करायचा. सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, जवळजवळ तसाच राहतो, कारण हायड्रोजनच्या वायूबरोबर फार थोडा सीओडी बाहेर पडतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाला उत्तर द्यायचं आहे ते त्या उरलेल्या सीओडीचं.

स्पेंटवॉशची अडचण तर याच्याही आधी सुरू होते. विक्रेता तुम्हाला सीओडीचा आकडा दाखवत असेल: लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या आसपास, केवढं हे अन्न! पण हायड्रोजन सीओडीतून होत नाही, साखरेतून होतो, आणि तुमची साखर यीस्टने आधीच खाल्ली आहे. तिचं अल्कोहोल होऊन ते ऊर्ध्वपातनाच्या स्तंभावरून निघून गेलं आहे. खाली उरलं काय? ग्लिसरॉल, काही सेंद्रिय आम्लं, मेलेलं यीस्ट, आणि तो काळपट तपकिरी रंग देणारी मेलॅनॉइडिन्स. लॅबच्या टायट्रेशनमध्ये जी थोडी साखर दिसते, तिच्यातही न आंबणारे पदार्थ मिसळलेले असतात. हे तुम्ही रोज बघता, तुम्हाला मी काय सांगणार. ग्लिसरॉलपासून काही जीवाणू थोडा हायड्रोजन करतात हे खरं. पण मेलॅनॉइडिनला हात लावायला मिथेनचे जीवाणूसुद्धा तयार नसतात, तिथे क्लॉस्ट्रिडियम काय करणार?

त्यात सल्फेटची भर पडते. साखर स्वच्छ करताना वापरलेला गंधक आणि पुढे फर्मेंटेशनला वापरलेलं सल्फ्युरिक ॲसिड, दोन्हीतून सल्फेट स्पेंटवॉशमध्ये उतरतो. सल्फेट खाणाऱ्या जीवाणूंना हायड्रोजन म्हणजे सगळ्यात आवडतं खाद्य. तयार झालेला हायड्रोजन ते जागच्या जागी वापरतात आणि बदल्यात हायड्रोजन सल्फाइड देतात. तुमच्या बायोगॅसला सडक्या अंड्याचा वास येतो तो याचाच. तिथे हायड्रोजन जमा करणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी भरणं.

यावर कुणी तुम्हाला नेल्लिकुप्पमचा दाखला देईल, म्हणून तोही सांगून ठेवतो. तमिळनाडूत तिथल्या डिस्टिलरीच्या सांडपाण्यावर १०० घनमीटरच्या टाकीत प्रयोग झाला आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निवडक जीवाणूंची जोडणी वापरून ४० तासांत सुमारे २१ किलो हायड्रोजन मिळाला. मला त्या कामाबद्दल आदर आहे. आपल्या देशात, कारखान्याच्या आवारात, एवढ्या मोठ्या टाकीत जीवाणूंकडून हायड्रोजन काढून दाखवणं सोपं नव्हतं. पण आकडा तुमच्या नजरेने बघा. टाकीच्या प्रत्येक घनमीटरमागे २१० ग्रॅमच्या आसपास हायड्रोजन, म्हणजे २५ मेगाज्यूल. तुमचा डायजेस्टर नीट चालत असेल तर एका घनमीटर कच्च्या स्पेंटवॉशमागे ३० घनमीटरच्या घरात बायोगॅस देतो, आणि त्यातल्या मिथेनची उष्णता ६०० मेगाज्यूलच्या वर जाते.

मग सरळ मळीच वापरली तर? साखर भरपूर आहे, जीवाणू आनंदाने चालतील. हिशेब मात्र इथेही उभा राहत नाही. एक किलो ग्लुकोजपासून उत्तम फर्मेंटेशनमध्ये अर्धा किलो इथेनॉल होतं, १३ मेगाज्यूलच्या वर ऊर्जा, आणि ते पेट्रोलमध्ये मिसळायला तेल कंपन्या विकत घेतात. त्याच ग्लुकोजपासून हायड्रोजन मिळेल २२ ग्रॅम, फारच साधलं तर ४४. म्हणजे पावणेतीन ते सव्वापाच मेगाज्यूल. जिला बाजारात भाव आहे अशी साखर हायड्रोजनसाठी आंबवू नये, हे माझं ठाम मत आहे.

मग ही विद्या कशासाठी? जिथे साखर किंवा स्टार्च वाया जातो, पातळ होऊन गटारात जातो आणि इथेनॉल करण्याइतका घट्ट नसतो, तिथे. मक्याच्या स्टार्च कारखान्याचं धुण्याचं पाणी, साबुदाणा कारखान्यांचं पाणी, पोह्यांच्या गिरणीत भात भिजवलेलं पाणी, पनीर आणि चक्क्याची निवळी, हॉटेलांतला भात-चपातीचा उष्टा कचरा, मार्केट यार्डातली सडकी फळं. हे पदार्थ काही तासांतच स्वतःहून आंबट होतात, म्हणजे आंबण्याची पहिली पायरी तिथे फुकट होत असते आणि तिच्यात जो काही हायड्रोजन होतो तो हवेत उडून जातो. ती पायरी झाकलेल्या टाकीत करून घ्यायची आणि आम्लाचं पाणी पुढच्या टाकीत मिथेनला पाठवायचं. दोन टाक्यांची ही मांडणी मला सगळ्यात पटते. पुढच्या टाकीचं काम सोपं होतं, कारण तिला तयार आम्लं मिळतात, आणि पहिली टाकी लहान असते. मिथेनच्या टाकीत द्रव कित्येक दिवस राहतो, हायड्रोजनच्या टाकीत सहा ते बारा तास पुरतात.

दोन्ही वायू एकत्र केले की मिथेनमध्ये दहा-वीस टक्के हायड्रोजन असलेलं मिश्रण मिळतं. त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकला तर इंजिनात ते नुसत्या मिथेनपेक्षा स्वच्छ आणि भराभर जळतं. दिल्लीत २०२० मध्ये सीएनजीत १८ टक्के हायड्रोजन मिसळून बसगाड्या चालवून पाहिल्या. तिथला हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून केला होता, पण इंजिनाला त्याने फरक पडत नाही. एकदा हे मान्य केलं की शंभर टक्के शुद्ध हायड्रोजनचा अट्टहास आणि त्याच्या शुद्धीकरणाचा खर्च दोन्ही सुटतात.

आता ज्या खर्चाबद्दल विक्रेते बोलत नाहीत त्याबद्दल. हायड्रोजनच्या टाकीचा पीएच साडेपाचच्या आसपास धरावा लागतो. सहाच्या वर गेला तर मिथेनवाले हळूहळू पाय रोवतात, साडेचारच्या खाली घसरला तर क्लॉस्ट्रिडियम हायड्रोजन सोडून ॲसिटोन-ब्युटेनॉलकडे वळतं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडला स्फोटकांसाठी ॲसिटोन हवं होतं, तेव्हा खाइम वाइझमन यांनी हीच सवय वापरून ते केलं. त्या टाक्यांवरून निघणारा वायू मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनच होता.

तर पीएच धरायला अल्कली लागते. किती? हे गणित मी प्रत्येक नव्या माणसाकडून करून घेतो. ॲसिटिकची वाट घ्या की ब्युटिरिकची, दर दोन रेणू हायड्रोजनमागे एक रेणू आम्ल पडतंच. एक किलो हायड्रोजन म्हणजे ५०० मोल, म्हणजे २५० मोल आम्ल. साडेपाच पीएचला त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त उदासीन करावं लागतं, म्हणजे एक किलो हायड्रोजनमागे ८ किलोच्या वर कॉस्टिक सोडा. जीवाणू बदला, तापमान बदला, हा आकडा फारसा हलत नाही. आणि तेवढा सोडियम पुढे शेतात जाणार. उपाय दुसऱ्या टाकीत आहे: मिथेनच्या टाकीतून निघणारं पाणी अल्कधर्मी असतं, ते थोडं उकळून किंवा तापवून पहिल्या टाकीत फिरवलं की कॉस्टिक बरंच वाचतं. तापवायचं एवढ्यासाठी की त्यातले मिथेनवाले जिवंत येऊ नयेत. दोन टाक्यांचा माझा आग्रह ऊर्जेइतकाच या कॉस्टिकसाठीही आहे.

विरजणाचं म्हणाल तर पावडर विकत घेण्याची गरज कधीच पडत नाही. गोबरगॅसची रबडी किंवा तुमच्याच डायजेस्टरमधला गाळ घ्या, ९० ते १०० अंशांवर अर्धा-एक तास ठेवा. मिथेन करणारे मरतात, क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू वाचतात. पण विरजण शुद्ध असलं तरी दूध आपलं असतं का? कच्चा माल उघड्यावरून येतो, त्याच्याबरोबर नवे जीवाणू रोज येतात. त्यामुळे कोणतंही महागडं कल्चर टाकीत टिकवणं हे पहिल्या आठवड्यानंतर टाकीच्या परिस्थितीवर ठरतं, पावडरीवर ठरत नाही. खरगपूरच्या आयआयटीत एन्टेरोबॅक्टर क्लोआके या जीवाणूच्या एका जातीवर फार चांगलं काम झालं आहे. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेने सेंटियंट लॅब्जबरोबर शेतातल्या काडीकचऱ्यापासून जीवाणूंच्या मिश्रणाने हायड्रोजन करण्याचं तंत्र विकसित केलं आहे. त्या कामांतही जीवाणूइतकाच भर त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेवर आहे, हे नीट वाचलं की लक्षात येतं.

माझा स्वतःचा सगळ्यात मोठा धडा हॉटेलच्या कचऱ्यावर मिळाला. काही घनमीटरची टाकी होती. पहिला आठवडा इतका सुरेख गेला की मी वायूच्या आकड्यांचा कागद भिंतीला लावला होता. वायूत निम्मा हायड्रोजन, पीएच स्थिर. मग रोज थोडाथोडा घसरत दोन आठवड्यांच्या आत हायड्रोजन जवळजवळ शून्यावर आला, आणि मिथेनही नव्हता. आम्ही पुन्हा विरजण घातलं, लोह घातलं (हायड्रोजनेजला लोह लागतं), टाकी ढवळली. काही उपयोग नाही. शेवटी द्रवातली आम्लं तपासली तेव्हा लॅक्टिक आम्ल भरून आलेलं होतं. कचरा आणणारी गाडी दुपारी यायची, पिंपं उन्हात तापायची, आणि टाकीत पडेपर्यंत त्यात लॅक्टिक जीवाणूंचं राज्य बसलेलं असायचं. साखर आमच्या टाकीत येण्याआधीच संपत होती, आणि लॅक्टिकवाले क्लॉस्ट्रिडियमला मारणारे पदार्थही सोडतात. मी तीन आठवडे टाकीत चूक शोधत होतो, चूक गाडीत होती. त्यानंतर कुठलाही कच्चा माल मी टाकीच्या तोंडाशी नव्हे, तो निर्माण होतो त्या जागी जाऊन बघतो.

दुसरा शत्रू याहून छुपा असतो. होमोॲसिटोजेन नावाचे जीवाणू चार रेणू हायड्रोजन आणि दोन रेणू कार्बन डायऑक्साइड घेऊन ॲसिटिक आम्ल करतात. त्यांच्यातले काही बीजाणू करतात, म्हणून उकळूनही मरत नाहीत. ॲसिटेट (द्रवातलं ॲसिटिक आम्लाचंच रूप) वाढलेलं पाहून आपल्याला वाटतं की जीवाणू चांगल्या वाटेने चाललाय, आणि प्रत्यक्षात हायड्रोजन खाल्ला जात असतो. त्यांच्यावर एकच मार्ग: द्रवात हायड्रोजन साठू द्यायचा नाही. चांगलं ढवळणं, टाकीवर दाब न ठेवणं, वायू सतत ओढून घेणं. याने आपल्या जीवाणूंचाही फायदा होतो, कारण भोवती हायड्रोजनचा दाब वाढला की हायड्रोजनेज अडतं आणि जीवाणू इलेक्ट्रॉनसाठी दुसरी वाट शोधतो. ६० ते ७० अंशांवर जगणारे उष्णताप्रेमी जीवाणू हा दाब जास्त सोसतात आणि ग्लुकोजमागे चार रेणूंच्या जवळ पोचतात, पण ते सावकाश वाढतात, आणि टाकी तापवायला लागणारी वाफ तुमच्याकडे फुकट असेल तरच त्यांचा विचार करा. साखर कारखान्यात ती हंगामात असते, हे एक तुमच्या बाजूने आहे.

द्रवात उरलेल्या आम्लातून आणखी हायड्रोजन काढण्याचे दोन मार्ग लोक सांगतात. जांभळे प्रकाशजीवी जीवाणू उन्हात ॲसिटेटपासून हायड्रोजन करतात. प्रयोगशाळेत ते बघणं हा आनंद आहे, पण गढूळ काळ्या पाण्यात ऊन शिरत नाही आणि जागा फार लागते. दुसरा मार्ग विद्युतघटाचा: ॲसिटेट खाणारे जीवाणू विद्युताग्रावर इलेक्ट्रॉन सोडतात, बाहेरून थोडा व्होल्टेज दिला की दुसऱ्या अग्रावर हायड्रोजन येतो. पाणी फोडायला सिद्धांतात १.२३ व्होल्ट लागतात, इथे ०.१४. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट द्यावे लागतात, तरी पाण्यापेक्षा कमीच. मला यात पुढे आशा वाटते, पण तुमच्या डिस्टिलरीत आज बसवण्याजोगं ते नाही.

एक गोष्ट सरकारी भाषेची. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजनची जी व्याख्या ठरवली, तिच्यात जैविक पदार्थांपासून केलेला हायड्रोजनही येतो, अट अशी की एक किलो हायड्रोजनमागे दोन किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन नको. विक्रेता म्हणत असेल की हा हरित हायड्रोजन आहे, तर त्यात तत्त्वतः चूक नाही. फक्त कॉस्टिक, वीज आणि वाफ त्या हिशेबात धरायला सांगा.

तुमच्या जागी मी असतो तर डायजेस्टरला हात लावला नसता. सल्फाइड काढून गॅस स्वच्छ करायचा, जमल्यास सीबीजीकडे (दाबून भरलेल्या शुद्ध बायोगॅसकडे) न्यायचा, आणि हायड्रोजनचा छोटा प्रयोग कारखान्यात साखर सांडते तिथल्या गोड पाण्यावर करायचा: गळत्या, टाक्या धुतल्याचं पाणी. ते पाणी फार नसतं, पण शिकायला उत्तम.

आता तुमच्या मुलीसाठी. एक लिटरची जाड काचेची बाटली, ब्युटाइल रबराचं बूच. सिलिकॉनची नळी वापरू नको, बाळा. हायड्रोजन तिच्या भिंतीतून निसटतो आणि तुला वाटेल जीवाणू काम करत नाहीत. पाऊण लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम ग्लुकोज, थोडा यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, किंचित फेरस सल्फेट, पीएच धरायला फॉस्फेट बफर, आणि उकळून गार केलेली गोबरगॅसची रबडी पन्नास-पाऊणशे मिलिलिटर. नायट्रोजन फिरवून हवा काढ, पीएच सहापासून सुरू कर, ३७ अंशांवर ठेव. बारा ते चोवीस तास काहीच दिसणार नाही. मग बुडबुडे सुरू होतील आणि दीड-दोन दिवसांत बहुतेक काम उरकेल. सिद्धांताने दोन रेणूंच्या हिशेबाने १.९ लिटरच्या आसपास हायड्रोजन यायला हवा. पहिल्या खेपेला लिटरभर मिळाला तरी छान. वायू बाटलीत कोंडू नको, आम्ल घातलेल्या मिठाच्या पाण्यावर गोळा कर, साध्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून आकडा चुकतो. तो पेटवून बघण्याचा मोह कटाक्षाने टाळ: हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेट घेतो, त्याला मिथेनच्या दहाव्या हिश्शाहून कमी ठिणगी पुरते आणि ज्योत उजेडात दिसतही नाही. मोजणी गॅस क्रोमॅटोग्राफवर करशील तेव्हा वाहक वायू नायट्रोजन किंवा आर्गॉन घे. हेलियमची उष्णतावाहकता हायड्रोजनच्या इतकी जवळ आहे की तुझं शिखर जवळजवळ दिसणारच नाही.

आणि बुडबुडे थांबल्यावर बाटली फेकू नको. बूच बंद ठेवून आणखी तीन-चार दिवस रोज वायूचं प्रमाण आणि द्रवातली आम्लं मोज. एखाद्या सकाळी वायू कमी झालेला आणि हायड्रोजनचा टक्का घसरलेला दिसेल. मिथेन नसेल, तर त्याच दिवशीच्या द्रवात ॲसिटेट वाढलं आहे का ते बघ.